पाठ झालेला रस्ता

उसाची पानं काचेला घासत गेली तो आवाज साखराबाईनं ऐकला, आणि वारा असावा असं तिला वाटलं. कार्तिक सरत आला होता, दिवस लवकर बुडत होता, आणि धारूरचा घाट उतरून तेलगावच्या बाजूला आलं की या दिवसांत वारा लागतोच, हे तिला ठाऊक होतं. खसखस असा लांबलचक आवाज डाव्या अंगानं पुढून मागं गेला, डावा आरसा कशाला तरी लागून आत मिटला, आणि मागच्या सीटवर डुलकी घेणाऱ्या तिच्या नणंदेनं, कडूबाईनं, "काय वाजलं गं वैनी?" असं विचारलं, तेव्हा कुठं तिचा पाय ब्रेकवर गेला. मागं वळून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती, घराएवढी. चार बोटं तिकडं झालं असतं तर गाडी तिच्या पोटात गेली असती. ट्रॅक्टरवाला शिव्या देतच आला, पण काच खाली झाल्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या दोन म्हाताऱ्या बघून त्याच्या शिव्या तोंडातच राहिल्या. तो गाडीच्या पुढं गेला, वाकून दोन्ही दिवे बघून आला आणि खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचा एक दिवा लिंबाच्या शेंड्याला लागलाय अन् दुसरा तुमच्याच चाकाम्होरं पडतोय. मदी समदा अंधार. तुमाला दिसतंय तरी काय?"

खरं उत्तर त्याला सांगण्यासारखं नव्हतं. तिला रस्ता दिसत होता. घाट संपल्यावरचं वळण, मग विहीर, विहिरीनंतर उजवीकडं चिंचांची रांग, चिंचा संपल्या की उतरता पूल, सगळं जिथल्या तिथं होतं आणि त्यातून ती गाडी नेत होती. फक्त त्यात ट्रॉली नव्हती. उरलेला रस्ता तिनं ट्रॅक्टरवाल्याच्या मागं मागं, त्याच्या लाल दिव्यावर नजर ठेवून कापला. कडूबाई एरवी आपलं गाव सिरसाळा येईपर्यंत गावातल्या सगळ्या सुनांचा उद्धार करायची, ती त्या दिवशी पुढच्या दोन सीटांमधून मान काढून त्या लाल दिव्याकडं बघत राहिली.

घरी आल्यावर साखराबाई ओसरीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ अंगणात उभ्या गाडीकडं बघत राहिली. पांढरी गाडी, आता पिवळट झालेली. मुलगा भागवत पुण्याहून दिवाळीला आला होता तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला होता की आई, आता बास झालं, संक्रांतीला येतो आणि ही घेऊन जातो, तुला कुठं जायचं असेल तर भाड्याची गाडी सांगत जा. तो प्रेमानंच बोलला होता, म्हणून तर त्याच्याशी भांडता आलं नाही. पण धारूरला तिची थोरली बहीण छबुबाई अर्ध्या अंगानं अंथरुणाला खिळलेली होती. दर गुरुवारी साखराबाई जायची, तिचं डोकं विंचरायची, तिच्याजवळ बसून माहेरच्या गोष्टी काढायची, आणि जीभ जड झालेली ती बहीण डाव्या हातानं हिचं मनगट घट्ट धरून ठेवायची. तिथं भाड्याच्या गाडीनं कसं जायचं? बाहेर ड्रायव्हर घड्याळ बघत उभा असताना असं बसता येत नाही. उठवेल तेव्हा उठायचं आणि निघवेल तेव्हा निघायचं, तर गाडी आपली हवी आणि हात आपले हवेत. म्हणून पायरीवर बसल्या बसल्या तिनं स्वतःशी एक ठरवलं. दोष दिव्याचा असला तर दिवा दुरुस्त करायचा आणि भागवतला सरळ नाही म्हणायचं. आणि दोष आपल्या नजरेचा असला, तर संक्रांतीची वाट न बघता किल्ली आपल्या हातानं त्याला द्यायची. ठरवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं, पण प्रश्न सुटेनात. दिवा केव्हा कलला? या गुरुवारी की गेल्या पोळ्याला? तो कलला तेव्हा आपल्याला समजलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून बोनट उघडलं. गॅरेजवाल्याला बोलवायचं नव्हतं, कारण गॅरेजात गेलेली गोष्ट भागवतच्या फोनवर पोचायला संध्याकाळ लागत नसे. आणि साखराबाईला पाना-पेचकस नवा नव्हता. घाटात, माळावर, कुठं कुठं अडकलेल्या गाड्यांशी ती आयुष्यभर झटली होती. कडूबाई तंबाखू मळत शेजारी उभी राहिली आणि म्हणाली की या वयात बायका देवाचं करतात, तू दिव्याचं कर. साखराबाईनं पुढची जाळी काढली, दिव्याचे बोल्ट सैल केले, मागची पिन उपसली आणि उजवा दिवा अलगद बाहेर ओढला. दिव्याच्या पाठीमागं दोन पेच असतात, एकानं उजेड वर-खाली होतो, दुसऱ्यानं डावी-उजवीकडं. त्यांना अॅडजस्टर म्हणतात. पेचाच्या टोकाला हरभऱ्याएवढा प्लास्टिकचा गोळा असतो आणि तो वाटीसारख्या खाचेत बसतो. इथं गोळे नव्हतेच. उन्हानं वाळून त्यांचा भुगा झाला होता, बोट लावलं की पिवळी पूड पडत होती. आणि त्या जागी दिवा तांब्याच्या तारेनं बांधलेला होता. तार काळी पडून तुटली होती, पण तिचा पीळ शाबूत होता, आणि टोक आत वळवून दाबलेलं होतं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. डावा दिवाही तसाच निघाला.

साखराबाईनं तो पीळ ओळखला. शेताच्या कुंपणाला, गोठ्याच्या फाटकाला, पाण्याच्या मोटारीला, सगळीकडं तिचा नवरा असंच टोक आत वळवायचा. अर्जुनराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे दिवा या गुरुवारी कलला नव्हता, पोळ्यालाही नाही. तो त्यांच्या हयातीतच मोडला होता, त्यांनी मुकाट्यानं बांधला होता, आणि ते गेल्यावर तार केव्हातरी सैल होत होत तुटली होती. शेवटच्या काळात ते शेजारी बसायचे आणि सारखे बोलायचे. डावीकडं खड्डा हाय. सायकल हाय म्होरं. म्हैस आडवी हाय, थांब. तेव्हा ती चिडायची, मला काय दिसत नाही का म्हणायची, आणि ते पुढच्या खड्ड्याला पुन्हा सुरू करायचे. नवऱ्याची जात, शेजारी बसला की शिकवणारच, असं ती कडूबाईला सांगायची. आता तिच्या तळहातावर ती तार होती. दिवा गेलाय हे त्या माणसाला माहीत होतं, आणि तो तिच्या शेजारी बसून तोंडानं उजेड पाडत होता.

आणि हिला उजेडाची गरज का पडत नाही, हेही त्यांना माहीत होतं, कारण तिला तसं शिकवलं होतं ते त्यांनीच. ते पंचायत समितीच्या राजकारणात पडले तेव्हाची गोष्ट. जो ड्रायव्हर ठेवावा तो चार दिवसांनी विरोधकांच्या ओट्यावर चहा पिताना दिसायचा, आणि रात्री गाडीत कुणाला बसवलं, काय ठरलं, ते सकाळी बाजारभर झालेलं असायचं. घरातलं माणूस गाडीवर पाहिजे होतं. भाऊ नव्हता, भागवत पाळण्यात होता. उरली बायको. पण पाटलाच्या घरची सून गाडी चालवते हे सासऱ्यांच्या कानी गेलं असतं तर घर पेटलं असतं. म्हणून दिवस मावळल्यावर, जोंधळा काढलेल्या रानात आणि मग रानालगतच्या रस्त्यावर, शिकवणी चाले, आणि तीही दिवे बंद ठेवून. "दिवा लावलास तर आत कोन बसलंय ते समद्या शिवाराला दिसंल," असं ते म्हणायचे. ती घाबरून मला काहीच दिसत नाही म्हणायची, तेव्हा ते म्हणाले होते की बघू नको, ध्यानात ठेव. मग ती ध्यानात ठेवत गेली. चाकाखालची माती सोडून खडी लागली की आवाज बदलतो. लिंब आला की वास येतो, विहीर आली की डाव्या गालाला गार लागतं, वीटभट्टी आली की उजव्या गालाला ऊब. पुलावर पोटात पोकळ वाटतं. असं करत तिनं सिरसाळा ते तेलगाव, तेलगाव ते धारूर, घाटाच्या वळणासकट सगळा रस्ता अंगात उतरवून घेतला, लहानपणी ओव्या उतरवून घेतल्या तसा. पुढं सासरे गेले, काळ बदलला, ती उजेडात चालवायला लागली, लोकांनी नवलही केलं आणि सवयीनं विसरूनही गेले. दिवे लावायची ती तेव्हापासून. पण त्या दिव्यांनी काय दाखवलं ते तिनं कधी बघितलं होतं का, हे आता गाडीपुढं उकिडवं बसून तिला आठवेना.

"कावून रडतीस?" कडूबाईनं विचारलं.

"पूड गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत एकदमच गेली म्हन."

अॅडजस्टरसाठी साखराबाई परळीला गेली, एसटीनं. खिडकीशी जागा मिळाली होती, पण ती बाहेर बघायला धजली नाही. उगाच समोरच्या बाईच्या मुलाशी बोलत राहिली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारानं तिनं रुमालात आणलेले जुने पेच बघितले, आतून एक धुळकट खोका आणला आणि बोलता बोलता विचारलं की गाडी चालवतं कोण. मी, असं म्हटल्यावर त्यानं एकदा वर बघितलं आणि दिव्यांचा नेम कसा धरायचा तेही समजावून सांगितलं. गाडी सपाट जागी भिंतीला नाक लावून उभी करायची, दिव्यांच्या उंचीवर रेघ मारायची, मग गाडी मागं घ्यायची आणि उजेडाची वरची कड रेघेच्या जरा खाली येईपर्यंत पेच फिरवायचे. वर ठेवला तर समोरचा आंधळा होतो, खाली ठेवला तर आपण, असं त्यानं हसत सांगितलं.

नवे गोळे खाचेत बसेनात. दुपारभर साखराबाई अंगठ्यानं दाबत राहिली, अंगठा लाल झाला, एकदा पकडीनं दाबायला गेली तर वाटीची कड तडकायला आली. जोर लावला की मोडणार आणि नाही लावला की बसणार नाही, अशी ती गोष्ट होती. कडूबाई ओसरीवरून बघत होती. मग ती आत गेली आणि चहाच्या पातेल्यात कढत पाणी घेऊन बाहेर आली.

"ड्रीपची नळी बसंना की काय करतो आपुन? पान्यात बुडवतो का न्हाई? बुडव की मग ह्याला."

तिनं पेचांची टोकं पाण्यात सोडली, दिव्याची वाटीही चमच्यानं पाणी घालून ऊन केली. प्लास्टिक मऊ झालं आणि गोळा खट् करून आत बसला, पुन्हा हलेना. चारही पेच असे बसवेपर्यंत ऊन अंगणातून गेलं. कडूबाई म्हणाली की आता दिव्यावर माझं नाव घाल. साखराबाईला हसू आलं, आणि दोन दिवसांत आपण पहिल्यांदाच हसलो हेही तिच्या ध्यानात आलं.

समोर सोयाबीनच्या गोदामाची लांब भिंत होती. दिवेलागणीला गाडी तिच्याजवळ नेली, आणि रेघ मारायला खडू नाही म्हणून कडूबाईनं आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि भिंतीवर आडवी रेघ ओढली, वाकडी पण लांब. मग साखराबाईनं गाडी मागं घेतली, खाली उतरून पेचकस घेऊन दिव्यापाशी बसली, आणि कडूबाई भिंतीशी उभी राहून हातानं खूण करत राहिली: अजून खाली, जरा वर, बास. दोन पिवळे गोल भिंतीवर सरकत होते, एक वरून येत होता, एक खालून, आणि शेवटी दोन्ही शेजारी शेजारी, चुन्याच्या रेघेला खालून टेकून थांबले. साखराबाई उठली, गुडघे धरून स्टेअरिंगपाशी बसली आणि समोर बघितलं. गिलाव्याचे पोपडे दिसत होते. एक पाल दिसत होती, तिची शेपटी तुटलेली होती तेही दिसत होतं. नजर चांगली होती. म्हणजे दोष दिव्याचा होता, तो निघाला. तिनं सुटकेचा श्वास घेतला, आणि घेत असतानाच त्या उजेडात मधोमध उभी असलेली कडूबाई तिला दिसली.

कडूबाई रोज तिच्या डोळ्यांसमोर होती. साखराबाई लग्न होऊन आली तेव्हा ती परकरात होती, पुढं नवरा गेल्यावर परत आली, आणि तेव्हापासून एका चुलीवर दोघींचं आयुष्य गेलं. साखराबाईच्या मनात ती कायम तशीच होती: काटकुळी, चिवट, जिभेला धार. भिंतीपुढं उभी होती ती कुणी दुसरीच बाई होती. गाल आत गेलेले, कानाची पाळी ओघळून चिरलेली, मान पुढं आलेली. आणि चुन्यानं भरलेलं बोट वर धरलेला तिचा हात हलत होता, खूण करण्यासाठी नव्हे, उगाच, वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता.

साखराबाईनं दिवे विझवले नाहीत. ती खाली उतरून भिंतीपाशी गेली आणि तो हात आपल्या हातात घेतला. हातात घेतल्यावरही तो थांबला नाही.

"हे कधीपासनं हाय?"

"लई दिस झाले."

"बोलली न्हाईस."

"बोलायचं काय त्यात? रोज तुझ्याम्होरं भाकर थापते," कडूबाई म्हणाली. "मला वाटलं, तुला दिसतंय."

जेवताना साखराबाईचं लक्ष नव्हतं. दिवा किंवा डोळे, यांतलं एक असेल असं तिनं धरलं होतं, आणि त्यावर किल्लीचा निकाल ठेवला होता. तिसरं काही निघेल हे तिच्या हिशेबात नव्हतं. डोळे धड, दिवे धड, आणि तरी बघणंच राहून गेलेलं. किती काय काय आपण असं ध्यानात ठेवून चालवत आलो? भागवत अजून बारीक चणीचाच वाटतो, तो खरा कसा दिसतो? धारूरला खाटेवर पडलेल्या छबुबाईचं डोकं विंचरताना आपल्या हाताला केस लागतात ते आजचे, की त्या लांब वेणीचे? ध्यानात ठेवणं हाच आपला गुण असं सगळे म्हणत आले. गावात कुणाचं कुठं लग्न झालं, कुठल्या साली कुठली विहीर खणली, विचारायचं असलं की लोक साखराबाईकडं येत. तिला त्याचा अभिमान होता. आज पहिल्यांदा त्या गुणाची तिला भीती वाटली.

गुरुवारी ती मुद्दाम उशिरा निघाली, सकाळी नाही, उन्हं कलल्यावर. अंधारात आपण काय बघतो ते एकदा नीट समजलं पाहिजे होतं. नाहीच जमलं तर उद्या धारूरहूनच भागवतला फोन करायचा, हेही मनाशी होतं. कडूबाई नेहमीसारखी मागं बसली नाही. पुढचं दार उघडून शेजारी बसली, पदर खोचला, आणि पुढं बसायला तुझी काही ना आहे का, असं विचारलंही नाही. सिरसाळा मागं पडलं, दिवस बुडाला, आणि साखराबाईनं दिवे लावले.

उजेड रस्त्यावर सपाट पसरला आणि तिला आपला रस्ता कुठंच दिसेना. मधोमध पांढरे पट्टे होते. रस्ता तिच्या आठवणीपेक्षा दुप्पट रुंद होता, कडेला पिवळे खांब होते, त्यांच्यावरचे तुकडे चमकून विझत होते. वीटभट्टीच्या जागी पेट्रोल पंप, ओळीनं पांढरे दिवे. पूल आला तो पोटात पोकळ न करताच गेला, कारण तो उतरता राहिलाच नव्हता, त्यावर भर घालून सपाट केला होता. चिंचांची रांग यायला हवी होती. डावीकडं नुसतं आभाळ होतं, आणि खाली सोलून काढल्यासारखी माती. या रस्त्यानं ती दर आठवड्याला जात होती, कापलेल्या चिंचांखालून. आपण वाट चुकून भलत्याच मुलखात शिरलो की काय असं वाटून तिनं वेग इतका कमी केला की मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

"बैल हायत म्होरं," कडूबाई म्हणाली.

"दिसले," साखराबाई म्हणाली. आणि खरंच दिसले होते, बैलगाडीच्या मागं लोंबणारा रिकामा डबाही दिसला होता.

तेलगाव ओलांडून घाटाच्या अलीकडं रस्त्याला दोन तोंडं फुटलेली होती, गेल्या गुरुवारी नव्हती, उजव्याचं डांबर अजून ताजं काळं होतं. तिचे हात आपसूक डावीकडं वळायला लागले, त्यांना विचारायची गरज वाटत नव्हती, इतक्या वर्षांत कधी वाटलीच नव्हती. तिनं ते थांबवले. गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि काच खाली केली. मेंढरांचा कळप रस्त्यालगत बसवून एक धनगर शेकोटीची तयारी करत होता. उजेड मेंढरांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं दिवे डिपरवर घेतले.

"दादा, धारूरला कोणता रस्ता जातो?"

कडूबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

धनगर काठी टेकत जवळ आला. आत दोन म्हाताऱ्या बघून त्याला काळजी वाटली असावी. "ह्यो उजवा धरा," तो म्हणाला. "डावा खडीच्या खानीवर जातो, फसशाल. म्होरं घाट लागंल. पयली दोन वळनं सोपी हायत, तिसरं लई आवळ, तितं हारन वाजवा. ट्रका येत्यात. पयल्यांदाच चालल्यात जनू ह्या बाजूनं?"

"हो," साखराबाई म्हणाली. "पहिल्यांदाच."

मग तिनं त्याला तिसऱ्या वळणाचं पुन्हा एकदा विचारलं, त्यानं हातानं हवेत वळण काढून दाखवलं, आणि ते नीट बघून घेतल्यावर तिनं गाडी उजवीकडं घातली.